सिरॅमिक कोटिंग केलेली गाडी धुताना या चुका टाळा

रंगावर सिरॅमिकचा पातळ संरक्षक थर, म्हणजे कोटिंग, करून आणलेल्या गाडीचे पहिले दिवस कौतुकाचे असतात. पाणी मारलं की टपोरे थेंब होऊन घरंगळतं, ते बघत उभं राहावंसं वाटतं. सहा-आठ महिने गेले की तोच मालक कुरकुरायला लागतो, "कोटिंग उडालं, पैसे पाण्यात गेले." बहुतेक वेळा कोटिंग जागेवरच असतं. त्यावर क्षार, काजळी, डांबराचे कण, शाम्पूचा राहिलेला अंश यांचा पातळ लेप चढलेला असतो. थेंबांची गाठ कोटिंगशी पडतच नाही, पडते ती या लेपाशी.

मग माणूस घाबरून पॉलिश मारायला घेतो. लेपाबरोबर कोटिंगही निघतं आणि तक्रार खरी होऊन बसते.

9 एचचा गैरसमज

हे कोटिंग सिलिकावर आधारलेलं असतं आणि सुकल्यावर त्याची जाडी साधारण 1 ते 2 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, 40-50 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्याला आपण चिलखत समजतो, ते खालच्या थराच्या विसाव्या हिश्श्याइतकंही जेमतेम असतं. बाटलीवर छापलेलं 9 एच वाचून अनेकांना ते हिऱ्याच्या जवळपासचं काही वाटतं. हिरे-दगडांचा कठीणपणा मोजायचं मोह्स मापन वेगळं, आणि हे 9 एच वेगळं. ते पेन्सिलींच्या शिशाचं मापन आहे. धुळीतले वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्ज, मोह्स मापनावर 7. ते कोटिंगला सहज ओरबाडतात.

म्हणूनच रोज सकाळी गाडीवर कोरडा फडका मारणं ही या यादीतली सगळ्यात महागडी चूक. धूळ झटकली जात नाही, ती रंगावर घासली जाते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्यातल्या बहुतेक अशा फडक्यानेच पडलेल्या असतात. एका बादलीत ओला करून तोच फडका टपापासून चाकांपर्यंत फिरवणंही त्याच माळेतलं. धुवायला वेळ नसेल तर गाडी दोन दिवस धुळकट राहू द्या, काही बिघडत नाही.

आधी पाणी, मग हात

धुताना सुरुवात चाकांपासून करा. तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते, म्हणून त्यांचा ब्रश आणि बादली वेगळी. मग गाडीवर भरपूर पाणी मारून सुटी घाण वाहून जाऊ द्या. प्रेशर वॉशर असेल तर त्याचं तोंड पत्र्यापासून फूटभर लांब ठेवा. जमलं तर फोम मारून तीन-चार मिनिटं थांबा, पण तो वाळू देऊ नका. हाताने पुसायची वेळ येईपर्यंत निम्म्याहून जास्त घाण गेलेली असावी, हा खरा हेतू.

पुढे दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) एका पॅनेलवर फिरवला की साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. वरून खाली, सरळ रेषेत, दाब न देता. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा घ्या आणि बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे खरं नाही. जास्तीचा शाम्पू नीट निघाला नाही तर तोच लेप होऊन बसतो.

'वॉश अँड वॅक्स' प्रकारच्या शाम्पूपासून लांब राहिलेलं बरं. तो कोटिंगवर मेणाचा थर सोडतो. थेंब मग मेणाच्या वागण्याप्रमाणे वागतात, आणि ते मेण उतरलं की पुन्हा "कोटिंग गेलं" सुरू. भांड्यांच्या साबणाने कोटिंग विरघळत नाही, पण वर मारलेला संरक्षक स्प्रे धुऊन निघतो, शिवाय मिट सहज सरकायला हवा तेवढा बुळबुळीतपणा त्यात नसतो.

न पुसलेले थेंब

कोटिंगची एक गंमत आहे: ज्या थेंबांसाठी ते केलं, तेच थेंब त्याचे शत्रू होतात. कोटिंग नसलेल्या पत्र्यावर पाणी पसरतं, क्षारही विखुरतात. इथे पाणी गोळा होऊन बसतं. वाळताना त्यातलं सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या छोट्याशा गोलात साचतं आणि पांढरी कडी उरते. पाणी जड असेल तर एकाच दुपारी गाडीवर देवी आल्यासारखे डाग पडतात. "कोटिंगवर पाणी टिकत नाही" या भरवशावर मी एकदा गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली होती. टप आणि बॉनेटवरच्या कड्या काढायला पुढची सुट्टी गेली.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागत असतानाच धुतो. आणि शेवटचं पाणी पाइपचं नोझल काढून, नुसत्या संथ धारेने टपावरून सोडतो. फवारा मारला की हजार थेंब बनतात. अखंड धार मात्र थेंबांना सोबत ओढून खाली नेते. पुसायला उरतं अगदी थोडं. जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा आणि हलक्या हाताने ओढायचा. आरसे, दिवे, दारांच्या मुठी यांच्या फटीत लपलेलं पाणी नंतर ओघळतं, तिथे ब्लोअर फिरवायचा.

डाग पडलेच तर घासू नका. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच डिस्टिल्ड पाणी घालून फडका ओला करा, गार पत्र्यावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर करून बघा. ताजे क्षार यात विरघळतात. तरीही कडी तशीच राहिली आणि नखाला खळगा लागला, तर डागाने कोटिंग खाल्लंय. मग त्यावर आम्लाचा उपाय चालत नाही, तिथे पॉलिश करून कोटिंग नव्याने लावावं लागतं.

थेंब बनणं थांबलं तर

आधी नुसतं बघा, कुठे थांबलंय. फक्त टप, बॉनेट, डिकी अशा आडव्या भागांवर असेल तर क्षारांवर संशय घ्या. दारांच्या खालच्या अर्ध्यात असेल तर डांबर आणि लोखंडी कणांवर. आरशामागच्या, कमी घासल्या जाणाऱ्या कोपऱ्यात थेंब छान बनत असतील तर कोटिंग अजून आहे, हे जवळपास नक्की. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर कण रुतलेले आहेत.

मग सौम्य उपायापासून कडक उपायाकडे चला. पहिल्यांदा गाडी नीट धुवा, कारण पुष्कळ वेळा प्रकरण इथेच मिटतं. पुढची पायरी आयर्न रिमूव्हर: लोखंडावर तो जांभळा होतो, वाळायच्या आत धुऊन टाकायचा. मग डांबरासाठी टार रिमूव्हर, मग क्षारांसाठी वरचा आम्ल उपाय. रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा गोळा, म्हणजे क्ले बार, अगदी शेवटी, कारण तो कोटिंगलाही थोडं घासतो. एवढं करूनही एकाच पॅनेलवर पाणी सपाट पसरत असेल आणि बाकी ठिकाणी गोळा होत असेल, तर त्या पॅनेलचं कोटिंग खरंच झिजलंय.

नवं कोटिंग असेल तर

पहिले 24 ते 48 तास पाणी अजिबात नको. शाम्पू तर पहिला आठवडाभर नको. कोटिंग वरून सुकलेलं दिसतं पण आतून घट्ट व्हायचं असतं. तेवढ्यात पाऊस आलाच तर थेंब टिपून घ्या, घासू नका.

पक्ष्यांची विष्ठा मात्र नव्या-जुन्या कुठल्याही कोटिंगवर थांबू देऊ नका. तिच्यातलं आम्ल उन्हात वेगाने खातं. ओला फडका दोन मिनिटं वर ठेवून ती मऊ होऊ द्या आणि मग उचला. कोरडी खरवडणं म्हणजे डाग आणि ओरखडा दोन्ही. मेलेल्या किड्यांनाही हाच न्याय.

फिरत्या ब्रशच्या ऑटोमॅटिक वॉशबद्दल फार बोलायला नको; आधीच्या गाड्यांची वाळू त्या ब्रशमध्येच असते. मायक्रोफायबर इतर कपड्यांत टाकू नका, त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. तंतूंवर थर बसून पाणी शोषणं बंद होतं. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचा नाही, तो चाकांच्या फडक्यांत टाकायचा.