रिव्हॉल्व्हर नुसतं ‘टक’ करतंय? काडतुसाला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

चाप ओढला, हॅमर पडला आणि आवाज आला फक्त ‘टक’. रेंजवर अशा वेळी बोट आपोआप पुन्हा चापावर जातं. ते आवरा. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातला फटक्याने पेटणारा भाग, कधीकधी क्षणभर रेंगाळून पेटतो. तेवढ्यात तुम्ही सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, एक घर पुढे सरकवलात, तर ते काडतूस नळीसमोर नसताना उडेल. नळी टार्गेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच सिलिंडर उघडा. ‘टक’ऐवजी दबका ‘फुस्स’ आला, झटकाही जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिथेच थांबा. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढचा बार काढायचा नाही.

दुसरी चूक म्हणजे न उडालेलं काडतूस बाजूला टाकून मोकळं होणं. सगळा पुरावा त्याच्या बुडावर असतो. उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीशेजारी ते ठेवा आणि दोन्ही प्रायमर भिंगातून पाहा. हॅमरच्या फटक्याने पिन प्रायमरवर आदळते आणि खळगा पडतो. तो उथळ असेल तर मार हलका पडतोय, म्हणजे दोष बहुधा हत्यारात आहे. खळगा नेहमीइतकाच खोल असेल तर दोष काडतुसात. तो मधोमध नसून कडेला सरकलेला दिसला, तर सिलिंडर जागेवर नीट अडकत नाहीये. घरांवर मार्करने खुणा करा. दर वेळी एकच घर दगा देत असेल तर त्या घरातली घाण किंवा खोट शोधा.

काडतूस दुसऱ्या फटक्याला उडालं की लोक ते विसरून जातात. विसरू नका. प्रायमर वर राहिलेला असेल तर पहिला फटका त्याला आत बसवण्यातच खर्च होतो. उरलेल्या काडतुसांच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर किंचित खोल लागला पाहिजे, उंचवटा लागता कामा नये.

आता स्प्रिंगचं दुखणं, आणि ते बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतलेलं. चाप हलका हवा म्हणून मऊ स्प्रिंग टाकली जाते. हॅमर हाताने मागे ओढून झाडलं तर सगळं ठीक, नुसत्या चापाने झाडलं की मिसफायर. कारण चापाने हॅमर तितका मागे जात नाही, त्यामुळे जोर कमी पडतो. स्मिथ अँड वेसनच्या पट्टी-स्प्रिंगवाल्या मॉडेलांत मुठीच्या पुढच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो स्प्रिंगला ताण देतो. तो सैल झाला तरी हेच घडतं. पूर्ण आवळून पाहा; अनेकदा आजार तेवढाच निघतो.

कानपूरच्या कारखान्यातलं जुन्या घडणीचं .३२ रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं. अशा हत्याराला बंद धरणारा खटका झिजला की सांधा हलतो, काडतूस पिनपासून थोडं लांब राहतं आणि फटका अपुरा बसतो.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा होतं, आठवड्यांनी परत मिळतं, तोवर आतलं तेल चिकट होऊन बसतं. त्यावर आणखी तेल ओतणं हा उपाय नव्हे. घट्ट तेल हॅमरला ब्रेक लावतं आणि पातळ तेल काडतुसावर उतरलं तर प्रायमरमध्ये झिरपू शकतं. आधी जुनं पुसून काढा, मग एखादा थेंब पुरे.

परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात, म्हणून खडकीच्या कारखान्यातली जुनी काडतुसं वर्षानुवर्षं जपली जातात, तीही चामड्याच्या पट्ट्यात. चामड्यातल्या रसायनांनी पितळ हिरवं पडतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. त्यांना कोरड्या डब्यात ठेवा आणि हिरवी पडलेली वापरू नका.

एवढं करूनही ‘टक’ थांबलं नाही तर परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे जा, सोबत ते न उडालेलं काडतूसही न्या. पिन घरी ठोकून लांबवायला जाऊ नका. ती प्रमाणाबाहेर पुढे आली तर प्रायमरला भोक पाडते आणि तापलेला वायू मागे, तुमच्याकडे येतो.