चांदीच्या जुन्या रुपयाची ग्रेड कशी ओळखायची (आणि आधी तो घासायचा का नाही)

दिवाळी संपली की दरवर्षी मला ओळखीतल्या लोकांचे फोटो येतात. देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया, लक्ष्मीपूजनासाठी चिंच-मीठ नाहीतर रांगोळी लावून लख्ख केलेला, आणि खाली प्रश्न, "याचे किती येतील?" खरंच वाईट वाटतं कारण तोच रुपया आदल्या दिवशी काळपट असताना पाठवला असता तर उत्तर वेगळं असतं. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, जुनं नाणं हातात आलं की घासू नका. पुसू पण नका.

ग्रेड म्हणजे नाणं किती जुनं आहे ते नाही, टांकसाळीतून निघालं तेव्हा जसं होतं त्यातलं आज किती उरलंय ते. खालून वर जाताना फाइन, व्हेरी फाइन (व्हीएफ), एक्स्ट्रा फाइन (एक्सएफ), अबाउट अनसर्क्युलेटेड (एयू) आणि अनसर्क्युलेटेड (यूएनसी) हे शब्द कानावर येतील. सोबत जे 1 ते 70 आकडे असतात तो शेल्डन स्केल, 1949 साली अमेरिकेतल्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी काढलेला, आता सगळीकडे चालतो. 60 आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं.

आता बघायचं कसं. नाणं कडेला धरायचं, दोन बोटांत, खाली मऊ कापड (हातातून सुटतंच कधीतरी). ट्यूबलाइट बंद करा, तिच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात, त्यापेक्षा एका बल्बचा टेबल लॅम्प घ्या आणि नाणं त्याच्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवा. न झिजलेल्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते, हाच मिंट लस्टर. घासलेलं नाणंही चमकतं पण ती चमक एकाच जागी मेल्यासारखी पडून राहते आणि भिंगातून एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसतात. हा फरक शब्दात सांगून कळत नाही, एक घासलेलं आणि एक न घासलेलं शेजारी ठेवून दहा मिनिटं फिरवत बसा, डोळा बसला की बसला.

मग झीज. ती नेहमी सगळ्यात उंच भागावर आधी होते, त्यामुळे सगळं नाणं बघत बसण्यापेक्षा ठरलेल्या जागा बघायच्या. व्हिक्टोरियाच्या रुपयावर केसांच्या बटा, मुकुट आणि छातीवरच्या कपड्याची नक्षी. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुटच नाही म्हणून तिथे कान आणि कानावरचे केस. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर भुवई, मिशी, मुकुटातले मणी आणि अंगरख्यावरचा हत्ती, आणि हा हत्ती म्हणजे ग्रेडिंग शिकायला सगळ्यात भारी जागा. 1911 च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं, बोंबाबोंब झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून नीट हत्ती आला. फाइनमध्ये या हत्तीचा नुसता गोळा उरतो, व्हीएफमध्ये आकार कळतो पण पाठ सपाट, एक्सएफमध्ये बारकावे असतात फक्त टोकं किंचित दबलेली आणि अक्षरांच्या आसपास थोडी चमक शिल्लक, एयूमध्ये भिंगाशिवाय झीज सापडत नाही. यूएनसीवर झीज अजिबात नको, पण पोत्यात नाण्यावर नाणं आपटून झालेले छोटे ठोके चालतात, लोक ते बघून उगाच घाबरतात.

एक गोंधळ नेहमी होतो. कधीकधी साच्याचा ठसाच हलका बसलेला असतो, तिथे नक्षी कमी दिसते पण पृष्ठभागावर चमक असते. झिजलेली जागा मात्र मंद आणि गुळगुळीत. हलक्या ठशाला झीज समजून ग्रेड पाडू नका. आणि शिवराईला (शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं) हे नियम लावूच नका, ती हाताने ठोकलेली, चकती साच्यापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ यातली किती अक्षरं नाण्यावर आली आणि किती ठळक आली हेच तिथे आधी बघायचं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे दागिने. किती रुपयांना कडी लावून माळेत ओवलेलं असतं, नंतर कडी काढून कड तासलेली. म्हणून कड सगळीकडून फिरवून बघा, रेघा एखाद्या जागी तुटल्यात का, कडी जोडताना दिलेल्या डागाचा (सोल्डरिंगचा) वेगळा रंग दिसतोय का. कडी काढलेलं, भोक बुजवलेलं किंवा घासलेलं नाणं, चेहरा कितीही सुंदर असला तरी, नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्या त्याला आकडा देत नाहीत, ‘डिटेल्स’ असा शिक्का मारतात.

वजन करा. 1862 पासूनचा रुपया 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.7 टक्के. झिजून थोडं कमी भरेल, पण ग्रॅमभर कमी असेल तर शंका घ्या. 1940 ते 45 च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण 1947 चा चिकटला म्हणून फेकू नका, तो निकेलचाच आहे. फरशीवर वाजवून मात्र बघू नका, कडेला ठोका बसतो आणि ग्रेड तिथेच गेली.

परदेशात ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर 100 वर्षांवरची नाणी आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आणि ठेवताना ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यातला पीव्हीसी काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर आणतो. पुठ्ठ्याची, मायलरच्या (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) खिडकीची होल्डर घ्या आणि वजन, साल, तुम्ही लावलेली ग्रेड पेन्सिलने त्यावरच लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी तेच नाणं परत काढून, आधीचा आकडा न बघता, पुन्हा ग्रेड लावून ताडून बघता येईल.