मासे सोडू नका, फक्त कुठला मासा खाताय ते बघा (पाऱ्याचं साधं गणित)

माझी बहीण गरोदर होती तेव्हा कुणीतरी सांगितलं की माशात पारा असतो, आणि तिने नऊ महिने मासा तोंडाला लावला नाही. तेव्हा मलाही यातलं काही कळत नव्हतं, नंतर वाचत गेले तेव्हा समजलं की मासा सोडायची गरजच नव्हती, बदलायचा होता फक्त. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कोळसा जाळल्यामुळे, सोन्याच्या छोट्या खाणींमुळे हवेत आणि पाण्यात पारा जातो, तळाच्या गाळातले बॅक्टेरिया त्याचं मिथाइलमर्क्युरी (पाऱ्याचं विषारी रूप) बनवतात, ते बारीक जीवांत जातं, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे, आणि प्रत्येक पायरीला ते साठत साठत वाढत जातं. म्हणून मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका दुसऱ्या माशांवर जगणारा, तितका पारा जास्त. माशाचं नाव माहीत नसलं तरी एवढ्यावरून बराचसा अंदाज येतो.

आता आकडे. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) तपासणीत सरासरी पारा सार्डिनमध्ये (म्हणजे तारली) ०.०१३ पीपीएम, सॅमनमध्ये ०.०२२, कोळंबीत ०.००९ आणि स्वोर्डफिश, शार्कमध्ये (मोरी, मुशी म्हणतात तो) जवळजवळ १. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे हिशोब घरी करता येतो. जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याची मर्यादा ठरवलीय वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ९६. स्वोर्डफिशचा १५० ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला की १५० झाले, एकाच जेवणात मर्यादा पार! तेवढीच सार्डिन खाल्ली तर २ मायक्रोग्रॅम. दोन्ही मासेच, पण फरक बघा किती आहे.

डब्यातला टूना घेणाऱ्यांनी लेबल नीट वाचा. लाइट टूना बहुतेक स्किपजॅक असतो, त्यात साधारण ०.१३, आणि अल्बाकोर म्हणजे व्हाइट टूना त्यात ०.३५, जवळपास तिप्पट.

गरोदर, बाळाला पाजणाऱ्या आणि पुढे बाळाचा विचार असलेल्या बायकांनी शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल, बिगआय टूना हे टाळायचेच. कमी पाऱ्याचे मासे मात्र आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायचे असा सल्ला आहे, खाऊ नका असा नाही, कारण बाळाच्या मेंदूला माशातलं ओमेगा-३ आणि आयोडीन लागतं. लहान मुलांना आठवड्यातून दोनदा, तीन वर्षांपर्यंत एका वेळी साधारण ३० ग्रॅम, मग वयाप्रमाणे वाढवत जायचं. आणि अर्धा पारा शरीरातून जायला साधारण ५० दिवस लागतात, त्यामुळे दिवस राहिल्यावर नाही तर त्याच्या काही महिने आधीपासूनच मासा बदला.

स्वतः गळ टाकून पकडलेला मासा असेल आणि त्या पाण्याबद्दल सरकारी सूचना काहीच मिळत नसेल तर आठवड्यात एकदाच खा, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको.

बरेच जण विचारतात की नीट शिजवलं, तळलं, कातडी काढली, मिठाच्या पाण्यात ठेवलं तर चालेल ना? नाही चालत. हा पारा चरबीत नाही, मांसातल्या प्रोटीनला चिकटलेला असतो, तो धुऊन किंवा उकळून जात नाही, फ्रीझरमध्येही जात नाही.

लक्षणं म्हणाल तर हातापायाला आणि तोंडाभोवती मुंग्या, चालताना तोल जाणं, बाजूचं दिसेनासं होणं, ऐकायला आणि बोलायला त्रास. हे सगळं जपानमधल्या मिनामाता इथे दिसलं, १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पाणी खाडीत जात होतं आणि लोक तिथलेच मासे खात होते. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की काही आयांना फारसा त्रास नव्हता पण त्यांची बाळं गंभीर अपंगत्व घेऊन जन्माला आली. पारा नाळेतून थेट बाळापर्यंत पोचतो. एवढा पारा साध्या आहारातून शरीरात जात नाही, पण रोज मोठा मासा खाणाऱ्याला मुंग्या येत असतील तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना मासा कुठला आणि किती ते स्पष्ट सांगा. टेस्ट रक्ताची किंवा केसांची करतात, माशातल्या पाऱ्यासाठी लघवीची उपयोगाची नाही कारण हा पारा मुख्यतः शौचावाटे जातो. आणि डिटॉक्सच्या गोळ्या, पावडरी स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, तो मासा बंद केला की पातळी हळूहळू आपोआप उतरते, दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करून बघा.