पोशाख जॅकेटखाली जातो, चेहरा उरतो: हॅलोविनची स्वस्त घरगुती रंगभूषा

न्यू जर्सीत ऑक्टोबर संपता संपता संध्याकाळी चांगलीच थंडी पडते. पहिल्या वर्षी हॅलोविनला, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या रात्री, मी लेकासाठी चाळीस डॉलरचा सांगाड्याचा पोशाख घेतला होता, अंधारात चमकणाऱ्या बरगड्यांचा. दाराबाहेर पडताना त्यावर जाड जॅकेट चढवावं लागलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि त्या बरगड्या घरी परतेपर्यंत कोणाला दिसल्याच नाहीत. दारोदारी लोकांनी पाहिला तो त्याचा रोजचाच चेहरा.

तेव्हापासून आमच्याकडे पोशाख म्हणजे काळी पँट आणि काळा हुडी. सगळी मेहनत चेहऱ्यावर. सामानाला दहा डॉलरसुद्धा लागत नाहीत, कारण निम्म्या गोष्टी स्वयंपाकघरात असतात आणि उरलेल्या मेकअपच्या जुन्या पाऊचमध्ये.

खरं तर या सणाची जुनी रीतही फुकटातलीच होती. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. तिच्या मुळाशी आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सुगी संपतानाचा सण आहे. मेलेल्यांची वाट त्या रात्री मोकळी होते अशी तिथे समजूत होती. स्कॉटलंडमधली तरुण मुलं शेकोटीतली राख तोंडाला फासून, ओळखू न येता दारोदार हिंडत. दुकानातले मुखवटे फार नंतर आले.

आधी सामान जमवा

मॅट (न चमकणारी) तपकिरी आणि मॅट काळी आयशॅडो, काळी आयलायनर पेन्सिल, कोणी वापरत नाही अशी मरून लिपस्टिक, पांढऱ्या फेस पेंटची एक छोटी डबी, स्पंजचे दोन तुकडे. स्वयंपाकघरातून कॉर्नस्टार्च, कोको पावडर, लाल खाद्यरंग आणि कॉर्न सिरप. बाथरूममधून पेट्रोलियम जेली, कोल्ड क्रीम आणि टिशू पेपर. भारतात ज्याला आपण कॉर्नफ्लोर म्हणतो ते अमेरिकेत कॉर्नस्टार्च या नावाने मिळतं. इथलं कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचं पिवळं पीठ, ते चेहऱ्यावर चालत नाही. भारतात कॉर्न सिरप मिळालं नाही तर साखरेचा एकतारी पाक करून गार करून घ्या.

यातली एकच गोष्ट विकत घ्यायची झाली तर मी तपकिरी आयशॅडो घेईन. लोक लाल रंगावर पैसे घालवतात, पण चेहरा बदलतो तो सावलीने. डोळ्यांच्या खोबणीत, गालाखाली आणि कानशिलावर तपकिरी सावली नीट बसली की रक्ताचा थेंब नसतानाही समोरचा दचकतो.

काय वापरायचं नाही, तेही आत्ताच सांगते. पोस्टर कलर, अॅक्रिलिक, मार्कर आणि होळीचे रंग चेहऱ्याला लावू नका. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं ते कागदावर वापरण्यासाठी, त्वचेसाठी नाही. हस्तकलेची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. आपल्या घरात हमखास असणारं काजळ, सुरमा आणि शेंदूरही बाजूला ठेवा. बाजारातल्या अशा काही वस्तूंमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित धरत नाहीत. काळ्या रंगासाठी आयलायनर पेन्सिल पुरेशी आहे.

रंगीत किंवा मांजराच्या डोळ्यांसारख्या कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीच घेऊ नका. अमेरिकेत त्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदेशीर आहे, तरी जत्रेत आणि इंटरनेटवर सर्रास मिळतात. मापात न बसणाऱ्या लेन्समुळे डोळ्याला जखम होऊन नजर अधू होऊ शकते. एका रात्रीच्या हौसेसाठी डोळा पणाला लावायचा नाही.

आणि २९ ऑक्टोबरला, म्हणजे दोन दिवस आधी, लावायची प्रत्येक गोष्ट कोपराच्या आतल्या बाजूला थोडी थोडी लावून पाहा. लाली, खाज किंवा पुरळ आलं तर ती वस्तू बाद.

कवटीचा चेहरा

हा माझा सगळ्यात आवडता चेहरा, म्हणून यावर जरा जास्त बोलते. पहिल्या खेपेला अर्धाच चेहरा करा. वेळ निम्मा लागतो, आणि अर्धं माणूस-अर्धा सांगाडा हे जास्त अंगावर येतं.

१. चेहरा धुऊन कोरडा करा, हलकं मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. केस पिना लावून मागे घ्या.

२. रंग लावण्याआधी हाडं बोटांनी शोधा. भुवईखालची कड, डोळ्याभोवतीचा हाडाचा गोल, गालाच्या हाडाची रेघ. गाल आत ओढले की खळगा कुठे पडतो ते आरशात बघा. या जागांवर तपकिरी पेन्सिलीने पुसट खुणा करा. इंटरनेटवरचं चित्र बघून काढलेली कवटी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी दिसते. तुमच्याच हाडांवर काढलेली मात्र तुम्ही बोललात की हलते.

३. पांढरा रंग ओल्या स्पंजने थापटत लावा, ओढू नका. ओढला की पट्टे उठतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पांढऱ्याचा पहिला हात राखाडी दिसतो, त्याने घाबरून जाड थर देऊ नका. जाड थराला हसलं की तडे जातात. पहिला हात वाळू द्या, मग दुसरा पातळ हात द्या. डोळ्याचा गोल आणि नाकाचा शेंडा कोराच ठेवा, तिथे काळं येणार आहे. घरचा पांढरा रंग करायचा तर एक चमचा कॉर्नस्टार्च, अर्धा चमचा कोल्ड क्रीम आणि अर्धा चमचा पाणी घोटून घ्या. हा डबीतल्या रंगाइतका गडद येत नाही, पण भुतासाठी छान.

४. आता तपकिरी आयशॅडो. डोळ्याच्या गोलाच्या कडेने, गालाच्या खळग्यात कानाकडून ओठांच्या दिशेने निमुळती होत जाणारी, आणि कानशिलावर. मगच या तपकिरीच्या मधोमध काळी लावा. आधी काळी लावली तर कड कापल्यासारखी दिसते आणि खोली येत नाही.

५. नाकाच्या शेंड्यावर पत्त्यांतला बदाम उलटा काढून काळा भरा. नाकाचा वरचा दांडा पांढराच राहू द्या.

६. ओठांच्या कोपऱ्यापासून गालाच्या मध्यापर्यंत एक बारीक रेघ ओढा. मग ओठांवरून उभ्या रेघा, थेट वरच्या ओठाच्या वरून खालच्या ओठाच्या खालपर्यंत. प्रत्येक दाताची टोकं गोलसर करा. पाच-सहा दात पुरे. या वेळी तोंड मिटलेलं आणि सैल हवं. आमच्याकडे इथे हमखास ‘आई, मला हसू येतंय’ सुरू होतं, म्हणून दात मी शेवटी काढते आणि त्याआधी त्याला मनसोक्त हसून घेऊ देते.

७. कॉर्नस्टार्च मऊ ब्रशने अगदी हलकं झटकून लावा. रंग बसतो आणि जॅकेटच्या कॉलरला कमी लागतो. लावताना डोळे घट्ट मिटायला सांगा आणि श्वास रोखून धरायला सांगा.

गालांवर फुलं आणि डोळ्याभोवती पाकळ्या असलेली रंगीत कवटी अनेकांना आवडते. ती मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसाची, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरची. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी झेंडूची फुलं आणि दिवे मांडण्याचा तो दिवस आहे. सर्वपित्री अमावास्येला पान वाढणाऱ्या आपल्या माणसांना त्यातली भावना वेगळी सांगायला नको. भीतीच्या खेळात मी तो चेहरा वापरत नाही.

जखम आणि रक्त

जखमेसाठी मेण घरी होतं. दोन चमचे पेट्रोलियम जेलीत मैदा किंवा कॉर्नस्टार्च थोडं थोडं घालत कणकेसारखं मळा, हाताला चिकटायचं थांबलं की झालं. गव्हाची अॅलर्जी असेल तर कॉर्नस्टार्चच. त्वचेच्या रंगाला जुळवण्यासाठी चिमूटभर कोको घाला, आपल्या रंगाला तो छान मिळतो. लावायची जागा कोरडी हवी. मॉइश्चरायझर असेल तर गोळा घसरतो. बोटाएवढी वळी चिकटवा, कडा चमच्याच्या पाठीने इतक्या दाबा की त्वचेत विरून जातील. आइस्क्रीमच्या काडीने मधोमध चीर पाडा. सुरी वापरायची गरज नाही. चिरेच्या आत मरून लिपस्टिक, तळाशी थोडी काळी आयशॅडो. हे मेण अंगाच्या उबेने तास-दोन तासांत सैल पडतं, त्यामुळे अगदी निघायच्या आधी करा.

जास्त वेळ टिकायला हवं असेल तर टिशू पेपरचा एकच पदर सुटा करून, खोट्या पापण्या चिकटवायच्या लेटेक्सविरहित (रबराचा चीक नसलेल्या) गोंदाने हातावर किंवा गालावर चिकटवा. असे तीन पदर, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. मग मधोमध फाडून कडा वर उचला आणि फाउंडेशनने रंग एकसारखा करा. द्रव लेटेक्सच्या वाटेला मुलांसाठी जाऊ नका, त्याची अॅलर्जी अनेकांना असते.

रक्ताचं प्रमाण: चार मोठे चमचे कॉर्न सिरप, अर्धा छोटा चमचा लाल खाद्यरंग, अर्धा छोटा चमचा कोको, एक छोटा चमचा कॉर्नस्टार्च. कोको आणि कॉर्नस्टार्च आधी चमचाभर पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. नुसतं लाल रक्त सरबतासारखं दिसतं. कोकोने ते खरं वाटायला लागतं, आणि निळ्या खाद्यरंगाचा एकच थेंब घातला की साकळलेलं दिसतं. चेहऱ्यावर ओतू नका. जुन्या टूथब्रशवर घेऊन जखमेच्या कडेला टिपा, एखादाच ओघळ सोडा. खाद्यरंग कपड्यांवरून जात नाही आणि त्वचेवर दिवसभर लालसर राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर हनुवटीपेक्षा हातावर लावा. शाळेतल्या मिरवणुकीला जाताना मात्र आधी विचारा, बऱ्याच शाळांत रक्त आणि मुखवटे चालत नाहीत.

मार बसल्याचा काळानिळा डाग करताना व्हिडिओतल्यासारखा गुलाबी-लाल रंग घेऊ नका. तो गोऱ्या कातडीसाठी असतो. आपल्या त्वचेवर तो रूज लावल्यासारखा दिसतो. मरूनने सुरुवात करा, मध्ये गडद जांभळा, कडेला मोहरीसारखा पिवळा. बोटाने थापटत लावा आणि आकार वेडावाकडा ठेवा.

झटपट चेहरे

झॉम्बी दहा मिनिटांत होतो. घरच्या पांढऱ्या रंगात हिरव्या खाद्यरंगाचा एक थेंब घाला, ओबडधोबड थापटा, डोळ्यांखाली मरून आणि तपकिरी, ओठांना फाउंडेशन लावून रंग उडवा. इथे पांढऱ्याचा तो राखाडीपणा कामालाच येतो.

तीन-चार वर्षांच्या पोरांना मांजर पुरे: नाकाचा शेंडा काळा, गालावर तीन-तीन मिशा. त्याहून जास्त वेळ ती बसत नाहीत, आणि रंगलेला हात तोंडात जातोच. कोकणातल्या एका मैत्रिणीने एकदा आपल्या लेकाला शिमग्यातला काळ्या कपड्यातला संकासुर केलं होतं. रांगेतल्या दहा व्हॅम्पायरांत तो एकटाच उठून दिसला.

रंग उतरवताना

थकलेल्या पोराला सरळ साबणाकडे नेऊ नका. रंग तेलात सुटतो, म्हणून खोबरेल तेल किंवा कोल्ड क्रीम चेहऱ्यावर लावून मिनिटभर गोल फिरवा, मऊ कपड्याने टिपा, मग फेसवॉश. डोळ्यांजवळ कापसाने, बाहेरून आत हलक्या हाताने. चोळायचं नाही, लिंबू लावायचं नाही. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे उटणं आणि रात्री कवटी, एकाच दिवसात. त्या रात्री उरलेलं उटणं दिसलं म्हणून त्यानेच घासायला गेले आणि गाल लाल झाले. आधी तेल, मगच फेसवॉश.

१ नोव्हेंबरला दुकानात रंगांच्या डब्या निम्म्या किमतीत असतात. न उघडलेली डबी तारीख बघून पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवा. उघडलेली आणि बोटं घातलेली टाकून द्या. उरलेलं रक्त झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, पण डब्यावर ठळक नाव लिहा. हुबेहूब चिंचेच्या चटणीसारखं दिसतं ते.