ग्रामसभेला जाताय? मग या चुका टाळा

गोव्यातल्या 191 पंचायतींत जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, बहुधा रविवारी सकाळी, ग्रामसभा भरतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत विषय साधारण तेच: डोंगरकापणी, शेतात टाकलेला मातीचा भराव, कचरा, नळाला न येणारे पाणी आणि कुठल्यातरी टेकडीवर येऊ घातलेला मोठा गृहप्रकल्प. लोक तावातावाने बोलतात, जेवायला घरी जातात आणि काही महिन्यांनी पाहतात तर टेकडीवर जेसीबी चढलेला. मग ‘ग्रामसभेला काही अर्थ राहिला नाही’ असे जो तो म्हणू लागतो. मला हे मान्य नाही. 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याने गावच्या मतदार यादीतल्या प्रत्येकाला ग्रामसभेचा सदस्य केले आहे. हा हक्क वाया जातो तो पुष्कळदा आपल्याच तयारीअभावी.

ठरावाचे शब्द सचिवावर सोडणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोणीतरी उठून म्हणतो, “सरपंचबाब, आमच्या गावात मेगा प्रकल्प नको, घ्या ठराव!” टाळ्या पडतात. सचिव वहीत लिहितात: ‘ग्रामस्थांनी मोठ्या प्रकल्पांना विरोध दर्शवला.’ या ओळीने कोणाचेच काही अडत नाही. कोणता प्रकल्प, कोणती जमीन, पंचायतीने नेमके काय करायचे आणि कधीपर्यंत, यातले काहीच त्यात नाही.

ठराव घरूनच लिहून न्यावा. उदाहरणार्थ: ‘अमुक वाड्यावरील सर्व्हे क्रमांक तमुक या जमिनीत डोंगरकापणी सुरू आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली तिला परवानगी आहे का, याची पंचायतीने 15 दिवसांत खात्याकडे लेखी विचारणा करावी, जागेची पाहणी मागावी आणि आलेले उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे व सह्या. सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची व कुळाची सरकारी नोंद) आणि जागेचे तारखेसह फोटो जोडावेत. 17अ कलमानुसार मुख्य नगर नियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन बुजवता येत नाही. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नसता, कायदा पाळला जातो की नाही एवढेच विचारत असता. असा ठराव बाजूला सारणे सरपंचांनाही जड जाते.

विषय आधीच लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा. ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते.

पंचायतीला नुसते ‘परवाना देऊ नका’ सांगणे

हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. बांधकाम परवान्याचा अर्ज आला की पंचायत राज कायद्याचे 66 वे कलम लागू होते. पंचायतीने 30 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जाऊ शकतो. लोकांचा रोष नको म्हणून पंचमंडळ फाईल नुसती दाबून ठेवते, गावाला वाटते आपण जिंकलो आणि तिकडे अपिलात बिल्डरच्या बाजूने निकाल लागतो. कारण न देता नाकारलेल्या परवान्याचीही अपिलात तीच गत होण्याची भीती असते. म्हणून ग्रामसभेने पंचायतीच्या हाती कारणे द्यावीत: रस्त्याची रुंदी अपुरी, विहिरींचे पाणी आटते, पावसाळी ओहोळ बुजतो, जमीन झोनिंगमध्ये ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीसाठी राखलेली आहे. प्रत्येक कारणाला कागद हवा. नकारात ही कारणे उतरली तरच तो अपिलात टिकण्याची आशा.

पुढच्या ग्रामसभेची वाट पाहत बसणे

ग्रामसभा तीन महिन्यांनी येते, हरकतीची मुदत तेवढी थांबत नाही. नगर व ग्राम नियोजन कायद्यात 2024 साली आलेल्या 39अ कलमाखाली झोनबदलाच्या, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याच्या, नोटिसा निघाल्या, तेव्हा हरकतीसाठी 30 दिवस होते. अनेक गावांत बातमी कळेपर्यंत त्यातले निम्मे दिवस संपलेले असायचे. अशा वेळी प्रत्येकाने स्वतःच्या नावाने हरकत द्यावी, पोच घ्यावी आणि ग्रामसभेचा ठराव मागाहून जोडावा. राजपत्र आणि दैनिकांतल्या जाहीर नोटिसा वाचण्याचे काम वाड्यावरच्या दोघा-तिघांनी वाटून घेतले तर फार मोठे काम होते. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला 2007 च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला, तो लोक रस्त्यावर आले म्हणून हे खरेच. पण त्याआधी नकाशातला कोणता रंग कोणाच्या शेतावर पडला आहे, हे लोकांना समजावून सांगितले गेले होते.

माणसावर घसरणे

‘तू भायलो (बाहेरचा), तू बोलू नको’ हे वाक्य आजकाल सर्रास ऐकू येते. ज्याचे नाव यादीत आहे तो सदस्य आहे, त्याला गप्प बसवण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय नळाला पाणी त्याच्याही येत नाही, त्याची सही तुमच्याच ठरावावर पडू शकते. जमिनी विकणारे कित्येकदा आपलेच गाववाले असतात, हेही मोकळेपणी बोलायला हवे. बायकांचे प्रश्न शेवटी ठेवण्याची खोडही तशीच वाईट. पाण्याच्या टँकरचे वेळापत्रक त्यांच्याइतके तोंडपाठ कोणालाच नसते.

इतिवृत्त न वाचणे

पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम करतात, तेव्हा निम्मे लोक अजून दारात बोलत उभे असतात. नेमके तेव्हाच आत असायला हवे. ठरावातला सर्व्हे क्रमांक गळला असेल, ‘विचारणा करावी’चे ‘चर्चा झाली’ झाले असेल, तर तिथल्या तिथे उठून दुरुस्ती मागा आणि तीच लेखी देऊन पोच घ्या. कायम झाल्यावर ते बदलायला भारी यातायात पडते.

प्रत देत नसतील तर पंचायतीच्या माहिती अधिकाऱ्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही तर पहिले अपील. सरपंचांनी गोंधळाचे निमित्त करून सभा मध्येच आटोपली, तर हजर असलेल्यांनी त्याच दिवशी घडलेला प्रकार लिहून त्यावर सह्या कराव्यात आणि सोमवारी तो कागद गट विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्यावा. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का मारून घ्यावा.