‘नुसतं काजबटण राहिलंय’ म्हणणं कसं सोडावं

मी नगरला बायकांचे कपडे शिवते. खोटं बोलायला आमच्या धंद्यात भरपूर वाव. कापडाला कात्री लागलेली नसते आणि आपण बिनदिक्कत सांगतो, “झालंय ताई, नुसतं काजबटण राहिलंय.” म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुली विचारतात, खरं बोलायची सवय लावायची कुठून, तेव्हा मी सांगते, तारखेपासून लावा.

तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, असं प्रभू येशूनं बायबलात मत्तय ५:३७ मध्ये सांगितलंय. त्यासाठी वही लागते. गिऱ्हाईक “कधी देणार?” म्हणालं की आधी वही उघडा, हातात किती काम आहे ते बघा, मगच तारीख बोला आणि तिच्यासमोर लिहा. नाताळाचं काम घेणं कधी थांबवणार ते नोव्हेंबरातच सांगून टाका. काही जणी दुसरीकडे जातील. जाऊ द्या, ती खऱ्याची किंमत आहे, ती मोजावी लागते. उशीर होणार असेल तर बाई घरातून निघायच्या आत फोन करा आणि “अजून कापलं नाही” असंच सांगा. लाइट गेल्याचं कारण लाइट गेली असेल तरच.

उरलेल्या कापडाचंही तसंच. मीटरभरातून वीतभर तुकडा उरतो, आणि “सगळं लागलं हो” म्हणणं सोपं असतं. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये ५ मधले हनन्या आणि सप्पीरा आठवा, जमीन विकून त्यातला थोडाच पैसा प्रेषितांकडे आणून देणारे नवराबायको. जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हातात होता, असं प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो. थोडं ठेवून घ्यायला कुणाची ना नव्हती. थोडं देऊन सगळं दिल्याचं दाखवलं, तिथं घात झाला. तुकडा हवा असेल तर मागून घ्या. बहुतेक जणी देतात.

“मला हा रंग शोभतो का?” याचं खरं उत्तर कात्री लावायच्या आधी द्यायचं. शिवून झाल्यावर फक्त फिटिंगचं बोला. इफिस ४:२९ मध्ये गरजेपुरतं, ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं बोलायला सांगितलंय. कापलेल्या कापडाच्या रंगाचा कुणालाच उपयोग नाही.

आईशप्पथ, देवाशप्पथ बंद. (कोर्टातसुद्धा १९६९ च्या शपथ कायद्यानं शपथेऐवजी प्रतिज्ञा चालते.) दारात कुणी आलं तर पोराला “आई घरी नाही म्हणून सांग” म्हणू नका, “आई आत्ता भेटणार नाही” एवढं पुरतं.

आता चर्चच्या आवारातलं बोलणं. “तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं” हे आपण निरोप घेतल्यासारखं बोलतो आणि रिक्षात बसेपर्यंत विसरतो. तिथंच हात धरून दोन वाक्यांत प्रार्थना करा, नाहीतर त्याच वहीत नाव लिहा. दोन्ही जमणार नसेल तर “काळजी घ्या” म्हणा. आणि “त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, नवराबायकोचं पटत नाही” ही प्रार्थनेची विनंती नव्हे, चहाडी आहे. त्या बाईनं तुम्हाला हे चारचौघांत सांगायला सांगितलं होतं का, एवढं स्वतःला विचारा.

सगळ्यात अवघड स्थळाची चौकशी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही दहा आज्ञांमधली आज्ञा माझी कॅथलिक मैत्रीण आठवी मोजते, आम्ही प्रोटेस्टंट नववी. पण ही आज्ञा आपल्या ओट्यावर येऊन बसते ती याच वेळी. मुलीकडचे विचारतात, “मुलगा पितो का हो?” तेव्हा पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करा. पाहिलं असेल तर कुठं आणि केव्हा ते सांगा, त्यात भर नको. नुसतं ऐकलं असेल तर “मला माहीत नाही, त्याच्या कामाच्या ठिकाणी विचारा” म्हणा. सवयीनं “पोरगं सोन्यासारखं आहे” म्हणून मोकळं होऊ नका, पुढं त्या पोरीला नांदायचंय. आणि जे बोलाल ते मुलाच्या आईसमोरही बोलता येईल एवढंच बोला, कारण संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जातंच. ती दोन दिवस बोलणार नाही. तिचा ब्लाऊज मात्र वहीतल्या तारखेलाच द्या.