इक्वेडोरची सहल आखताना या चुका टाळा

इक्वेडोर हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षाही लहान आहे, आणि तिथली सहल आखताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच एका गोष्टीत आहे. नकाशा समोर पसरला की राजधानी क्वितो, कोतोपाक्सी ज्वालामुखी, अ‍ॅमेझॉनचे जंगल आणि पॅसिफिकचा किनारा हे सारे हाकेच्या अंतरावर दिसते आणि आठ दिवसांत सगळे उरकण्याचा बेत ठरतो. प्रत्यक्षात अँडीजच्या दोन समांतर रांगा या देशाला उत्तरेकडून दक्षिणेकडे उभ्या छेदून जातात, त्यामुळे येथे अंतर किलोमीटरपेक्षा चढ-उतारात मोजावे लागते. ग्वायाकिलहून क्वेंकाला जाणारा रस्ता जेमतेम दोनशे किलोमीटरचा आहे. पण तो समुद्रसपाटीच्या दमट उन्हातून निघतो, काहास राष्ट्रीय उद्यानात चार हजार मीटरच्या वर चढतो आणि मग अडीच हजार मीटरवरच्या क्वेंकात उतरतो. निघताना घामाने भिजलेला सदरा दोन तासांनी थंडगार होऊन अंगाला चिकटतो आणि कानटोपी मात्र गाडीच्या टपावरच्या बॅगेत राहिलेली असते. गरम कपडे, पाणी आणि औषधे हाताशी ठेवणे हा इथल्या प्रवासाचा पहिला नियम समजावा.

पहिल्याच दिवशी डोंगर चढणे

क्वितो २,८५० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे क्वितोच्या विमानतळावरून शहरात पोहोचलेला माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा बाराशे मीटर वर झोपायला जातो. तरीही अनेक जण लांबलचक विमानप्रवास संपवून दुसऱ्या सकाळी केबल कारने पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर, जवळपास ३,९५० मीटरवर जातात आणि तिथून पुढे शिखराकडे चालू लागतात. दुपारपर्यंत डोके ठणकू लागते, जेवण नकोसे होते, रात्री झोप लागत नाही आणि उरलेले दोन दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. स्थानिक लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. तो तरुणांना आणि व्यायाम करणाऱ्यांनाही होतो, किंबहुना अंगात ताकद असलेला माणूस अधिक वेगाने चढतो म्हणून त्याला तो लवकर गाठतो.

उपाय साधा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. पहिले दोन दिवस क्वितोच्या जुन्या शहरात सावकाश घालवावेत. हे शहर १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पहिल्या बारा स्थळांपैकी एक ठरले. ला कोम्पान्यिया चर्चचे काम १६०५ ते १७६५ असे एकशे साठ वर्षे चालले. त्याचा गाभारा सोन्याच्या वर्खाने मढवलेला आहे आणि नक्षीत कुठेही रिकामी जागा सोडलेली नाही, त्यामुळे आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. बॅसिलिकाच्या बाहेरच्या भिंतींवर युरोपातील चर्चवर असतात तसे राक्षस नाहीत. तिथे इग्वाना, कासव, आर्माडिलो असे याच मातीतले प्राणी पावसाचे पाणी ओतणाऱ्या पन्हाळ्यांवर कोरले आहेत. हे सारे बघायला घाई लागत नाही, आणि तेवढ्यात शरीर उंचीशी जुळवून घेते. त्यानंतर ओतावालो, मग ३,९०० मीटरवरचे किलोतोआ आणि सर्वांत शेवटी कोतोपाक्सीचा ४,८६४ मीटरवरचा निवारा, असा चढता क्रम ठेवावा.

त्रास सुरू झालाच, तर अधिक उंचीवर जाणे थांबवावे, पाणी प्यावे आणि मद्य टाळावे. दुसऱ्या दिवशीही आराम पडला नाही तर क्वितोहून सुमारे दोन तासांवर असलेल्या मिंडोला जावे. तिथले ढगांनी भरलेले जंगल साधारण १,२५० मीटरवर आहे, श्वास मोकळा होतो आणि हमिंगबर्ड साखरपाण्याच्या भांड्यापाशी इतके जवळ येतात की त्यांच्या पंखांचा गुणगुणाट कानाला स्पष्ट ऐकू येतो. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे ही मात्र धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तत्काळ खाली उतरवून डॉक्टरांकडे न्यावे. अ‍ॅसिटाझोलामाइडसारखी औषधे घ्यायची की नाहीत, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

किलोतोआला उतरताना चढ विसरणे

किलोतोआ हे सुमारे १२८० सालच्या प्रचंड उद्रेकानंतर बनलेल्या, तीन किलोमीटर रुंदीच्या विवरातले सरोवर आहे आणि माझ्या मते देशातले सर्वांत देखणे दृश्य तिथेच आहे. ढग सरकला की पाणी हिरव्याचे निळे होते आणि पुन्हा हिरवे होते. कडेवरून पाणी जवळ वाटते. वाट ज्वालामुखीच्या भुसभुशीत मातीची आहे, पाय आपोआप घसरत जातात आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस काठावर पोहोचतो. परत येताना मात्र तीच माती प्रत्येक पावलाला अर्धे पाऊल मागे ओढते, हवा विरळ असते, आणि दीड तास सहज लागतो. संध्याकाळच्या गाडीची वेळ जवळ आली असेल तर हा दीड तास फार महागात पडतो. चढ जमणार नाही असे वाटल्यास खालीच खेचर भाड्याने मिळते, पण दुपार उशिरा झाली की खेचरे वर निघून गेलेली असू शकतात, म्हणून उतरण्यापूर्वीच चौकशी करावी.

याला जोडूनच सूर्यास्ताची गोष्ट सांगायला हवी. विषुववृत्तावर दिवस वर्षभर बारा तासांचा असतो. साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखा रेंगाळणारा संधिप्रकाश तिथे नाही. डोंगरातली कोणतीही वाट चार वाजेपर्यंत संपेल असाच बेत करावा. ढगाळ हवेतही ऊन त्वचा भाजते, त्यामुळे थंडी वाजते म्हणून टोपी आणि सनस्क्रीन वगळू नये.

विषुववृत्ताच्या नावाखाली केवळ छायाचित्र काढणे

‘एक्वादोर’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच विषुववृत्त. क्वितोच्या उत्तरेस ‘मिताद देल मुंदो’ म्हणजे जगाचा मध्य या नावाचे तीस मीटर उंच स्मारक आहे आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून सगळे छायाचित्र काढतात. खरे विषुववृत्त मात्र त्या रेषेच्या सुमारे २४० मीटर उत्तरेस आहे. ते कळल्यावर काही जण फसवणूक झाल्यासारखे चिडतात, आणि माझ्या मते तीच खरी चूक आहे. या परिसराचे महत्त्व १७३६ मध्ये आलेल्या फ्रेंच मोजणी मोहिमेमुळे आहे. ला कोंदामीन, बुगेर आणि गोदँ यांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांसह अँडीजच्या कडाक्यात वर्षानुवर्षे राहून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजली, आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी व मध्यावर फुगीर आहे हे सिद्ध होण्यास त्या आकड्यांनी मदत केली. त्याच फुगवट्यामुळे ६,२६३ मीटर उंचीचे चिंबोराझो शिखर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजल्यास एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. स्मारकाजवळ एवढे ठाऊक असून उभे राहिलेल्या माणसाला ते २४० मीटर खटकत नाहीत.

जवळच बादलीतले पाणी रेषेच्या एका बाजूस उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूस डावीकडे फिरते असा प्रयोग दाखवला जातो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात आणि विषुववृत्तापासून काही पावलांवर दिसण्याइतका प्रबळ नसतो. पाणी कोणत्या दिशेने ओतले यावर ते ठरते. मुले सोबत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगावे. खऱ्या रेषेवर उभे राहायचे असेल तर कायांबेजवळचे कितसातो हे सूर्यघड्याळ बघावे. ओतावालोला जाताना ते वाटेतच लागते.

ओतावालो आणि टोपी

ओतावालोचा मोठा बाजार शनिवारी भरतो. इतर दिवशीही पोंचो चौकात दुकाने असतात, पण शनिवारची गर्दी नसते, आणि पहाटेचा गुरांचा बाजार तर शनिवारीच बघायला मिळतो. सहलीचा आठवडा या दिवसाभोवती बसवावा. इथल्या किचवा समाजातील स्त्रिया भरतकाम केलेला पांढरा सदरा, गडद रंगाचे अनाको म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र आणि गळ्यात सोनेरी मण्यांच्या माळांचे पदर घालतात. पुरुष लांब वेणी राखतात. हा त्यांचा रोजचा पेहराव आहे, पर्यटकांसाठी केलेला वेश नव्हे, म्हणून विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये. ‘युपायचानी’ म्हणजे धन्यवाद, एवढा एक किचवा शब्द आला तरी समोरचा चेहरा उजळतो. बाजारातला बराच माल यंत्रावरचा असतो, त्यामुळे हातमागाचे विणकाम हवे असल्यास शेजारच्या पेगुचे गावात जाऊन मागासमोर बसलेल्या विणकराकडूनच घ्यावे आणि तिथे घासाघीस करू नये.

पनामा टोपी म्हणून ओळखली जाणारी टोपी मुळात इथलीच आहे. ती पनामामार्गे जगात विकली गेली, म्हणून ते नाव चिकटले. तोकीया गवताच्या या विणकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशात स्थान दिले. उत्तम टोप्या मोंतेक्रिस्ती गावच्या, आणि व्यापार मुख्यतः क्वेंकाचा. घेताना टोपी उजेडासमोर धरून वीण किती बारीक आणि एकसारखी आहे ते पाहावे.

पैसे, जेवण आणि रात्रीचा प्रवास

देशात २००० सालापासून अमेरिकी डॉलर चालतो, म्हणून भारतातून शंभराच्या नोटा नेणारे पुष्कळ असतात. छोट्या दुकानात, बसमध्ये आणि बाजारात पन्नास व शंभराची नोट बहुधा नाकारली जाते. एक, पाच आणि दहाच्या स्वच्छ नोटा न्याव्यात आणि मोठ्या नोटा बँकेत मोडून घ्याव्यात.

शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर ताटात कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ या शब्दाने तिथे सहसा लाल मांस समजले जाते. ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’ असे तिन्ही शब्द उच्चारावेत आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हेही विचारावे. पवित्र आठवड्यातील फानेस्का हे बारा धान्या-कडधान्यांचे सूप ऐकायला निर्धोक वाटते, पण त्यात खारवलेला मासा असतो. रस्त्यावर मिळणारे ‘चोचोस कोन तोस्तादो’ म्हणजे उकडलेले ल्युपिनचे दाणे, भाजलेला मका, कांदा, टोमॅटो आणि लिंबू. आपल्या भेळेच्या सवयीला ते लगेच रुचते.

जानेवारी २०२४ पासून सरकारने टोळ्यांविरुद्ध कठोर पावले उचलली आहेत आणि ग्वायाकिलसह किनारी प्रांतांत वेळोवेळी आणीबाणी लागू होते. रात्रीच्या बस टाळाव्यात, टॅक्सी हॉटेलमधून किंवा अ‍ॅपवरूनच मागवावी, आणि निघण्याच्या आठवड्यात ताज्या सरकारी सूचना वाचाव्यात. जुन्या प्रवासपुस्तकांत ‘सैतानाचे नाक’ या रेल्वेमार्गाचे रसभरीत वर्णन असते, पण सरकारी रेल्वे कंपनी २०२० मध्ये बंद करण्यात आली. गाडी सुरू असल्याची खात्री झाल्याशिवाय त्या मार्गावरच्या अलाउसी गावी मुक्काम ठरवू नये.

गालापागोसला दोन दिवस देणे

किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या या बेटांना किमान पाच रात्री द्याव्यात, अन्यथा तो पैसा अ‍ॅमेझॉनसाठी वापरावा. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांसाठी १०० वरून २०० डॉलर झाले आहे. ते रोख द्यावे लागेल असे धरून चालावे. त्याशिवाय प्रवास नियंत्रण कार्ड मुख्य भूमीवरच्या विमानतळावर, सामान देण्यापूर्वी घ्यावे लागते. तिथेच बॅगांची जैवसुरक्षा तपासणी होते. आपल्या घरून दिलेले मोड आलेले मूग, ताजी फळे, बिया, रोपे यांपैकी काहीही नेऊ नये. हा नियम जाचक वाटल्यास बाहेरून आलेल्या शेळ्यांनी काय केले ते आठवावे. इसाबेला आणि सांतियागो बेटांवर त्यांनी कासवांचे अन्नच संपवले होते आणि त्यांना हटवण्यासाठी लाखाहून अधिक शेळ्या माराव्या लागल्या.

प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवावे, फ्लॅश वापरू नये. पुएर्तो आयोराच्या मासळी बाजारात समुद्रसिंह कोळिणीच्या ओट्याला नाक टेकवून तुकड्याची वाट पाहत बसतो. तो जवळ आला तर आपणच मागे सरायचे असते. जून ते नोव्हेंबरमध्ये हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी गार आणि आकाश ढगाळ असते, तर जानेवारी ते मेमध्ये पाणी कोमट असते. एस्पान्योला बेटावरचा अल्बाट्रॉस बघायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबर हाच काळ निवडावा. बेटांमधल्या वेगवान बोटी दोन तास जोरदार हेलकावतात, म्हणून मळमळीची गोळी आधी घ्यावी आणि बोटीत मागे बसावे. स्कुबा डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवू नये. विमान आणि त्यानंतरची क्वितोची उंची, दोन्ही धोकादायक ठरू शकतात.

जंगल, आणि परतीचा कागद

अ‍ॅमेझॉनला क्वितोहून एका दिवसात जाऊन येता येत नाही. कोका शहरापर्यंत विमान अर्ध्या तासात पोहोचते, पण पुढे नापो नदीतून मोटरच्या होडीने दोन-तीन तास जावे लागते, म्हणून तीन रात्री धराव्यात. यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या आत एकांत पत्करून राहणारे तागाएरी आणि तारोमेनाने समाज आहेत. त्यांच्या प्रदेशाकडे ‘खास सहल’ काढण्याची तयारी कुणी दाखवली तर ती ठामपणे नाकारावी. याच उद्यानाच्या एका भागातील तेल जमिनीतच ठेवण्याच्या बाजूने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ५९ टक्के मतदारांनी कौल दिला होता, यावरून तिथल्या लोकांना हे जंगल किती मोलाचे वाटते ते कळते.

भारतीय प्रवाशांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पीतज्वराच्या लसीकडे. इक्वेडोर भारत सरकारच्या पीतज्वर-जोखमीच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, म्हणून सरकारमान्य केंद्रात महिनाभर आधी नाव नोंदवावे. व्हिसाचे नियमही तिकीट काढण्यापूर्वीच दूतावासाकडून तपासून घ्यावेत, आणि अमेरिकेमार्गे जाणार असाल तर विमान बदलण्यासाठीही वेगळा व्हिसा लागतो हे लक्षात ठेवावे. लसीचे ते पिवळे पुस्तक मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावे.